विश्लेषण : लाल समुद्रात केबल तुटल्या, भारतात इंटरनेट मंदावले, पण बंद का पडले नाही?

सप्टेंबर २०२५मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाजवळ समुद्रतळावरील केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तानसह अनेक देशांत इंटरनेटचा वेग घटला. संपर्क मात्र तुटला नाही. संगणक एकमेकांशी कसे बोलतात, याचे उत्तर या घटनेत आहे.

नेमके काय घडले?

६ सप्टेंबर रोजी ‘एसएमडब्ल्यू-४’ आणि ‘आयएमईडब्ल्यूई’ या केबलमध्ये बिघाड झाला. दोन्ही केबल मुंबईला युरोपशी जोडतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘अझुर’ सेवेलाही विलंबाचा फटका बसला. एखाद्या व्यापारी जहाजाचा नांगर फरफटत गेल्याने हे झाले असावे, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

माहिती प्रवास कसा करते?

मोबाइलवरून पाठवलेला फोटो अखंड जात नाही. त्याचे साधारण दीड हजार बाइटपर्यंतचे तुकडे, म्हणजे ‘पॅकेट’ होतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो, शिवाय क्रमाची नोंदही असते. पॅकेट मिळाल्याची पोच पलीकडचा संगणक देतो. पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवले जाते. क्रम लावणे आणि पोच घेणे हे काम ‘टीसीपी’ या नियमावलीचे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४मध्ये तिचा पाया घातला.

रस्ता कोण ठरवते?

कोणतेही मध्यवर्ती कार्यालय ते ठरवत नाही. ‘आमच्यामार्फत अमुक पत्त्यांपर्यंत पोहोचता येईल’ असे प्रत्येक नेटवर्क शेजारच्या नेटवर्कला सतत कळवत असते. या पद्धतीला ‘बीजीपी’ म्हणतात. केबल तुटली की तो मार्ग यादीतून वगळला जातो आणि राउटर पॅकेट दुसरीकडे वळवतात. म्हणूनच इंटरनेट बंद पडले नाही.

मग वेग का घटला?

पहिले कारण अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लाल समुद्राऐवजी सिंगापूर, अमेरिका असा वळसा घालून युरोप गाठायचा, तर पोच येण्यास उशीर होतो. दुसरे कारण गर्दी. उरलेल्या केबलवर भार वाढला की राउटर काही पॅकेट टाकून देतात. पॅकेट गहाळ होताहेत हे लक्षात येताच टीसीपी पाठवण्याचा वेग कमी करते. व्हिडीओ कॉलमध्ये हरवलेल्या पॅकेटची वाट पाहण्यास वेळ नसल्याने आवाज तुटतो.

धोका कुठे आहे?

पर्यायी मार्ग असतील तरच ही व्यवस्था चालते. भारत आणि युरोप यांना जोडणाऱ्या बहुतांश केबल लाल समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातात. २०२४मध्येही तेथे तीन केबल तुटल्या होत्या. हुथींच्या हल्ल्यात सापडलेल्या ‘रुबीमार’ जहाजाचा नांगर त्यास कारणीभूत ठरल्याचे मानले जाते. दुरुस्तीसाठी खास जहाज, परवानग्या आणि सुरक्षा लागते. त्यात कित्येक आठवडे जातात.

भारताच्या किनाऱ्यावरही अशीच गर्दी आहे. ‘ट्राय’च्या २०२३च्या माहितीनुसार देशात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्थानकांवर उतरत होत्या आणि त्यांतील मोठा वाटा मुंबईचा, विशेषतः वर्सोव्याचा होता. पॅकेटला वळसा घालण्याची बुद्धी आहे. पण समुद्रतळावर नवे, वेगळे रस्ते टाकणे हे सरकार आणि कंपन्यांचेच काम आहे.