विश्लेषण : अँटिबायोटिकचा कोर्स संपला, तरी सायनसचा त्रास का जात नाही?

दिवाळीनंतर गारवा वाढला, की मुंबई-पुण्यासारख्या शहरांतली हवा खालावते. औषधांच्या दुकानांत तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'सायनस वाढलाय, मागच्या वेळची गोळी द्या.' ही गोळी अनेकदा अँटिबायोटिक असते. चार-पाच दिवस बरं वाटतं, महिनाभरात नाक पुन्हा चोंदतं. मग 'आणखी स्ट्राँग' गोळीची मागणी होते. पण बहुतेक वेळा अडचण गोळीच्या ताकदीची नसते. दीर्घकाळ चालणारा सायनसचा त्रास हा मुळात दाहाचा आजार आहे, आणि जंतू मारून दाह शमत नाही.

सायनस म्हणजे नेमकं काय?

'मला सायनस आहे' असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर सायनस प्रत्येकालाच असतात. गाल, कपाळ, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या खूप मागे अशा हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांच्या आतल्या अस्तरात पातळ, चिकट स्राव तयार होतो. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो अरुंद वाटांमधून नाकात ढकलत राहतात. अस्तर सुजलं की या वाटा बंद होतात आणि स्राव आत साचतो.

त्रास 'दीर्घकालीन' कधी ठरतो?

नाक चोंदणं, नाकातून किंवा घशात चिकट स्राव उतरणं, चेहऱ्यावर दाब किंवा दुखणं, वास कमी होणं या चारपैकी किमान दोन लक्षणं १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर दीर्घकालीन सायनसायटिसचा संशय घेतला जातो. दोनपैकी एक लक्षण नाक चोंदण्याचं किंवा स्रावाचं असावं लागतं. त्यानंतर दुर्बिणीने नाक तपासून किंवा सीटी स्कॅन करून खात्री केली जाते.

अँटिबायोटिक का पुरत नाही?

साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. पिवळा-हिरवा शेंबूड म्हणजे जिवाणूसंसर्गच, हाही गैरसमज आहे. दीर्घकालीन त्रासात अस्तर सतत सुजलेलं असतं. त्यामागे ॲलर्जी, दमा, नाकातील पॉलिप, धूर, धूळ अशी वेगवेगळी कारणं असू शकतात. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर वरच्या दाढेच्या मुळाशी झालेला संसर्गही कारण असू शकतो. अशा वेळी आधी दात तपासावा लागतो.

मग गोळीने बरं का वाटतं? या आजारात त्रास आपोआपही कमी-जास्त होत असतो. शिवाय सोबत ॲलर्जीची किंवा नाक मोकळं करणारी गोळी असेल, तर श्रेय मात्र अँटिबायोटिकला मिळतं. दहा दिवस उलटूनही सुधारणा नसेल, बरं वाटू लागल्यावर अचानक बिघडलं किंवा जास्त ताप आला, तर अँटिबायोटिक लागू शकतं. तो निर्णय डॉक्टरांचा.

प्रश्न एकट्या रुग्णापुरता नाही. विनाकारण घेतलेल्या कोर्समुळे औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. २०१९ मध्ये अशा जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. भारतात १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्यातल्या अँटिबायोटिकच्या विक्रीची नोंद डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे.

मग उपाय काय?

पहिला, मिठाच्या पाण्याने नाक धुणं. जलनेती म्हणून हा प्रकार इथे जुनाच आहे. २५० मिली कोमट पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा पुरतो. तयार पुड्याही मिळतात.

दुसरा, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा स्टिरॉइड स्प्रे. 'स्टिरॉइड' शब्दाने अनेक जण घाबरतात. पण स्प्रेमधला डोस अगदी कमी असतो आणि रक्तात फारच थोडा उतरतो. नाक कोरडं पडणं, थोडं रक्त येणं हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. तो लगेच काम करत नाही, रोज घेतल्यावर काही आठवड्यांनी फरक जाणवतो. दोन दिवसांत 'उपयोग नाही' म्हणून बंद केल्यास तो खरंच निरुपयोगी ठरतो. आधी नाक धुवावं, मग मान किंचित पुढे झुकवून फवाऱ्याचं तोंड मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला वळवावं. जोरात ओढू नये.

पाणी कोणतं वापरायचं?

नळाचं थेट नको. किमान एक मिनिट खळखळून उकळून गार केलेलं किंवा निर्जंतुक पाणीच वापरावं. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळमध्ये 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'चे रुग्ण आढळले. असा अमिबा पाणी पिण्यातून नव्हे, तर नाकावाटे मेंदूत शिरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुतल्यानंतर दोघांचा मृत्यू झाला होता. हा धोका अतिशय दुर्मीळ आहे, पण पाणी उकळून तो टाळता येतो.

नाक झटक्यात मोकळं करणारे ड्रॉप्स चालतील?

ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन असलेले ड्रॉप्स तीन ते पाच दिवसांपुरतेच. त्यापुढे ड्रॉप्सचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि बाटलीची सवय लागते.

प्रत्येक डोकेदुखी सायनसची असते का?

नाही. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'सायनसची डोकेदुखी' आहे असं मानणाऱ्या २,९९१ जणांना तपासलं गेलं. त्यांपैकी ८८ टक्के जणांची लक्षणं मायग्रेनची निघाली. उजेड-आवाज सहन न होणं, मळमळ आणि नाक मात्र मोकळं, असं असेल तर मायग्रेनची तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रियेने कायमची सुटका होते?

औषधांनी भागलं नाही, तर दुर्बिणीतून बंद वाटा मोकळ्या केल्या जातात. पण दाहाची प्रवृत्ती त्यामुळे जात नाही. पॉलिप पुन्हा वाढू शकतात. शस्त्रक्रियेनंतर स्प्रे आणि नाक धुणं सुरूच ठेवावं लागतं, उलट औषध आता आतपर्यंत पोहोचतं.

घाई कधी करावी?

डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं, मान आखडणं, तीव्र डोकेदुखीसह ताप, नाकातून काळपट स्राव यांपैकी काहीही दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मधुमेह असेल तर अधिकच. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने नाक आणि सायनसमधूनच डोळ्यांपर्यंत मजल मारली होती.

एरवी हा आजार रक्तदाबासारखा सांभाळायचा असतो. त्रास वाढला की गोळी, हा हिशेब इथे चालत नाही. बरं वाटत असतानाही रोजची दहा मिनिटं नाकासाठी काढणं, हाच त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपचार आहे.