मुक्कामी गाडीच्या उलट्या दिशेला

बुलढाणा जिल्ह्यात नव्यानं नोकरीला लागलेला माणूस भाड्याची खोली शोधायला निघाला, की जुने अपडाऊनवाले त्याला भाडं विचारत नाहीत. पहिली गाडी कितीची आणि शेवटची कितीची, एवढंच विचारतात.

जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे नाही. थंड हवेपायी इंग्रजांनी कचेऱ्या घाटावर नेल्या. रूळ मात्र घाटाखालून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असे गेले. खामगावला 1870 मध्ये जलंबहून रेल्वे आली तीही कापसासाठी. त्यामुळे नोकरी बुलढाण्यात आणि घरची माणसं भुसावळ-अकोल्याकडे, अशांना मलकापूर सोयीचं वाटतं. रेल्वे, महामार्ग, बुलढाण्याची बस, सगळं हाताशी. फक्त राजूर घाट रोज दोनदा करावा लागतो.

खरी पंचाईत खेड्यावर नेमणूक असलेल्यांची. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक तिथंच झोपतात आणि सकाळी तीच गाडी कॉलेजची पोरं, बाजारकरी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन तालुक्याला जाते. वेळापत्रक गावकऱ्यांसाठी बांधलेलं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण तालुक्याला राहणाऱ्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला, आरोग्यसेविकेला त्याच वेळी नेमकं उलट जायचं असतं. मग फाट्यापर्यंत बस आणि पुढे काळीपिवळी. तीही भरल्याशिवाय हलत नाही.

म्हणून शाळेला सर्वांत जवळचं गाव राहायला सर्वांत सोयीचं असेलच असं नाही. चिखलीसारख्या ठिकाणी बुलढाणा, मेहकर, खामगाव आणि देऊळगाव राजाचे रस्ते एकत्र येतात. एक गाडी चुकली तर मागून दुसरी मिळण्याची आशा असते. आडरस्त्यावरचं दहा किलोमीटर जवळचं गाव ती आशा देत नाही. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा भागातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी, म्हणजे दुचाकीवरून रोज अपडाऊन करणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

नोकरी दोघांची असली की गणित आणखी वाकडं होतं. जिल्हा परिषदेच्या बदल्यांत पती-पत्नीच्या शाळांमध्ये 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर प्राधान्य मिळतं. पण 29 किलोमीटरच्या वाटेत एक फाटा आला, तर त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? त्यात मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मासिक पास म्हणजे वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास. बाईला मात्र रोज अर्धं तिकीट काढणंच त्याहून स्वस्त पडतं. मग कागदावर हिशोब मांडला की घर हळूच नवऱ्याच्या नोकरीकडे सरकतं, कारण तिचा लांबचा प्रवास आता ‘परवडतो’. सवलत देताना हे कुणाच्या मनातही नसेल.

एसटीवरच सगळी भिस्त ठेवणं किती जोखमीचं, हे 2021-22 च्या संपानं दाखवलं. एसटी बंद, शाळा मात्र चालू. मिळेल त्या वाहनानं, मागतील ते पैसे देऊन जायचं.

सरकारचं उत्तर जुनंच आहे: मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच राहा. 2019 च्या परिपत्रकानं तसं राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला. 2022 मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी गावात न राहणाऱ्या शिक्षकांच्या घरभाडे भत्त्याचा प्रश्न विधानसभेत काढला आणि मोठा वाद पेटला. गावात न राहता तिथं राहत असल्याचा दाखला घेणं चूकच. पण ज्या गावात भाड्यानं द्यायला बरी खोली नाही, तिथं शिक्षकानं राहायचं कुठं? ग्रामसभेला ठरावच करायचा असेल तर आणखी एक करता येईल: सकाळी दहाच्या आत तालुक्याहून गावात पोहोचणारी आणि शाळा सुटल्यावर परत निघणारी एक फेरी द्यावी, असा. तो बुलढाण्याच्या विभाग नियंत्रकांकडे गेला, तर कॉलेजहून परतताना फाट्यावर उभ्या राहणाऱ्या गावातल्या पोरींनाही ती गाडी कामी येईल.