उपोषण, बाइट आणि मतपेटी

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील २९ ऑगस्ट २०२३ ला मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. पण गावाचं नाव घरोघरी पोचलं ते १ सप्टेंबरच्या लाठीमाराने. डोकी फुटलेल्या माणसांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. दुसऱ्याच दिवशी शरद पवार, उदयनराजे गावात हजर. १४ तारखेला उपोषण सोडवायला खुद्द मुख्यमंत्री आले.

त्यावरून ‘हे सगळं चॅनेलवाल्यांनी पेटवलं’ असं आपल्या मंडळींत सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केलेलं आरक्षण, शेतीवर न भागणारं घर, नोकरीसाठी ताटकळलेली पोरं, ही धग आधीचीच. माध्यमांनी बदलला तो आंदोलनाचा बाज. २०१६ च्या मराठा मूक मोर्चांत पुढाऱ्याचं भाषणच नसे, निवेदन मुली देत. कापून फिरवायला वाक्य सापडणार कुठून? आता बाइटला उत्तर बाइट. १७ नोव्हेंबर २०२३ ला अंबडलाच ओबीसींची एल्गार सभा झाली, आणि पडद्यावर उरलं एवढंच: जरांगे विरुद्ध ओबीसी नेते छगन भुजबळ.

खरा पेच होता मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी आरक्षण मिळवून देऊ शकणाऱ्या निजामकालीन नोंदींचा. मोडी आणि उर्दूतली दप्तरं चाळणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीचं काम नेमकं चालतं कसं, हे फारसं कोणी धडपणे दाखवलं नाही. दप्तर चाळण्यात बघण्यासारखं काय असतं म्हणा! पण कुणबी दाखला कुणाला मिळणार नि ओबीसींच्या वाट्याचं काय होणार, हे तिथेच ठरत होतं. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात, वडीगोद्रीला, ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. दोन मंडपांत काही किलोमीटरचं अंतर, पण ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आपलाच मंडप.

सरकारही या पडद्याला वचकून असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, जालना जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. म्हणजे ज्यांना खरी खबर हवी, त्यांचीही वाट अडली.

तरी पडद्यावरची गर्दी म्हणजे मतं नव्हेत. २०२४ च्या लोकसभेला जालन्यात भाजपचे रावसाहेब दानवे पडले, तेव्हा सगळ्यांनी लाट मोजली. त्याच वर्षी विधानसभेला जरांगेंनी ४ नोव्हेंबरला उमेदवार न देण्याचं जाहीर केलं आणि त्याच मराठवाड्यात महायुतीने बाजी मारली. मधल्या पाच महिन्यांत लाडकी बहीण योजनेचे पैसे बायकांच्या खात्यात जमा झाले होते, आणि ओबीसी मतं गावोगाव बिनबोभाट एकवटत होती. त्या गावांतल्या ओट्यांवर बूम माइक घेऊन फारसं कोणी गेलंच नव्हतं.