प्रॉक्सी कुणाची लावताय?

प्रॉक्सी म्हटलं की आपल्याला आधी हजेरी आठवते. मित्र ‘येस सर’ म्हणतो, आपण कँटीनमध्ये. ब्राउझरची प्रॉक्सीही तशीच. तुमच्याऐवजी दुसरा कॉम्प्युटर वेबसाइटकडे जातो, उत्तर आणून देतो. म्हणजे तुमची सगळी ये-जा त्याच्या हातून होते.

कॉलेजच्या नेटसाठी तुम्ही लॅपटॉपमध्ये प्रॉक्सीचा पत्ता टाकता. शनिवारी नांदेडहून कंधारला किंवा लातूरहून औशाला, घरी जाता. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसता, तर एकही पान उघडत नाही. मुदत उद्याची! शिव्या खाते रेंज, दोष असतो त्या विसरलेल्या पत्त्याचा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, ‘प्रॉक्सी’ बंद करा. क्रोमला तेवढं पुरतं. फायरफॉक्सची सेटिंग वेगळी असू शकते, तीही बघा.

खरा धोका फुकटच्या प्रॉक्सीत आहे. बंद साइट उघडते म्हणून ग्रुपवर आलेला पत्ता आपण डोळे झाकून टाकतो. साइट एचटीटीपीएसवाली असेल तर मधल्याला सहसा साइटचं नावच कळतं. पण सर्टिफिकेटची वॉर्निंग ओलांडून पुढे गेलात, तर पासवर्डही त्याच्या हाती लागू शकतो.

प्रॉक्सी लावायची कशी आणि काढायची कशी, या दोन ओळी कॉलेजांनी लॅबच्या भिंतीवर लावाव्यात. आणि आपण पत्ता टाकण्याआधी एवढंच विचारावं, हा कुणाचा? हजेरीची प्रॉक्सीसुद्धा आपण ओळखीच्यालाच सांगतो की!