स्कोअर मोबाइलवर आहे, मग वाचायचं काय?
आईला एलबीडब्ल्यू कळत नाही, पण द्वारकानाथ संझगिरींचा लेख ती सोडायची नाही. मुंबई महापालिकेतले हे इंजिनीअर क्रिकेटवर लिहिताना मॅचपेक्षा माणूस जास्त सांगायचे, मध्येच सिनेमात शिरायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले.

त्याआधीच्या महिन्यात दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला. पुरुष, महिला, दोन्ही भारतानं जिंकले. कॅप्टन प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. तुम्ही त्यांच्याबद्दल काय वाचलंत? मी तर फक्त निकाल वाचला. (पत्रकारिता शिकते म्हणे!)

संभाजीनगरात संध्याकाळी खो-खोचं एखादं मैदान गाठा. खांबाजवळ सूर मारणाऱ्या मुलीच्या सोललेल्या गुडघ्यांपासून लिहायला घ्या, नियम मागाहून येऊ देत. आणि पाठवा. जागेसाठी संपादकांशी मी भांडते.