नऊ वर्षं, तीन अणू

तीन महिन्यांत टार्गेट झालं नाही, की आपला चेहरा पडतो. मग जपानच्या कोसुके मोरितांची गोष्ट ऐकाच. २००३ मध्ये रिकेन या संस्थेत त्यांच्या टीमने जस्ताचे अणू बिस्मथवर आदळायला सुरुवात केली. हवं होतं ११३ वं मूलद्रव्य. जुलै २००४ मध्ये एक अणू मिळाला, एप्रिल २००५ मध्ये दुसरा. आणि तिसरा? थेट ऑगस्ट २०१२! मधली सात वर्षं हाती भोपळा. बरं, एकही अणू सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा टिकला नाही. तरी २०१५ अखेर मान्यता मिळाली, २०१६ मध्ये नाव ठरलं - निहोनियम. निहोन म्हणजे जपान.

या नावामागे एक जुनी हळहळ आहे. १९०८ मध्ये मासाताका ओगावांनी ४३ वं मूलद्रव्य म्हणून ‘निप्पोनियम’ जाहीर केलं. दावा फसला. बाद झालेलं नाव पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ‘निप्पोन’ऐवजी ‘निहोन’. पुढे कळलं, ओगावांना खरंच नवं मूलद्रव्य सापडलं होतं. चुकली फक्त तक्त्यातली जागा. ते होतं ७५ वं, रेनियम. श्रेय १९२५ मध्ये जर्मनांना गेलं.

तेव्हा पुढच्या अप्रेझलला हात रिकामे दिसले, तर मोरितांची सात वर्षं आठवा. आणि काही सापडलंच, तर आधी नंबर तपासा!