कपाटांतलीं पुस्तकें : खऱ्या नांवाची गोष्ट

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें व कोणतें देऊं नये, हा वाद आमच्या वाचकांच्या घरींही अधूनमधून होत असेलच. आमच्या घरीं तो गेल्या मे महिन्याच्या सुटींत झाला, आणि तोही अशा पुस्तकावरून, कीं जें आम्हांस स्वतःस फार प्रिय आहे. नावडत्या पुस्तकाचे दोष दाखविणें सोपें असतें. आवडत्या पुस्तकाचा दोष कबूल करतांना मात्र जीभ अडखळते. म्हणून या महिन्यांत त्याच पुस्तकाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

पुस्तकाचें नांव ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’. अमेरिकेंतील विख्यात लेखिका अर्सुला ले ग्विन यांची ही कादंबरी १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. कुमारवयीन वाचकांसाठीं कांहींतरी लिहा, अशी एका प्रकाशकानें त्यांना विनंति केली होती. गोष्टींतले जादूगार नेहमीं पांढऱ्या दाढीचे म्हातारेच कां असतात, आणि तरुणपणीं हे लोक काय करीत असतील, असा प्रश्न बाईंच्या मनांत आला व त्यांतून ही कथा उपजली.

अर्थसी हें असंख्य बेटांचें एक काल्पनिक जग आहे. त्यांतील गाँट नांवाच्या डोंगराळ बेटावर कांशाचें काम करणाऱ्या एका कारागिराचा मुलगा वाढत असतो. आई तो वर्षाचा होण्यापूर्वींच वारलेली. जंतरमंतर जाणणारी मावशी त्याला मंत्राचे पहिले शब्द शिकविते. तेराव्या वर्षीं त्याचें बालपणींचें नांव काढून घेतलें जातें. निनांवी मुलगा नदीच्या थंडगार पाण्यांतून पलीकडे जातो, आणि तेथें उभा असलेला वृद्ध ऑगियन त्याचा दंड धरून कानांत त्याचें खरें नांव सांगतो : गेड. मुंजींत बटूच्या कानांत होणारा उपदेश ज्यानें पाहिला आहे, त्याला हा प्रसंग परका वाटणार नाहीं.

या जगांत प्रत्येक वस्तूला व प्राणिमात्राला एक खरें नांव असतें, आणि तें ज्याला ठाऊक, त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून व्यवहारांत सारे टोपणनांवानें वावरतात व खरें नांव अगदीं जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. पुढें गेड रोक बेटावरील मांत्रिकांच्या विद्यालयांत जातो. तेथें सहाध्यायाशीं चढाओढ करतांना गर्वाच्या भरांत तो मृताच्या आत्म्याला पाचारण करतो, आणि त्या फटींतून एक काळी सावली जगांत शिरते. ती फट बुजवितांना विद्यालयाच्या वृद्ध अधिपतीला प्राणांस मुकावें लागतें. त्यानंतर सावली गेडच्या पाठीस लागते. तो पळत राहतो, आणि अखेर ऑगियनच्या सांगण्यावरून मागें वळून तिचाच पाठलाग करूं लागतो. पूर्वेकडील समुद्राच्या टोकाला दोघांची गांठ पडते, तेव्हां गेड सावलीला तिच्या नांवानें हांक मारतो. तें नांव त्याचें स्वतःचेंच असतें.

या पुस्तकाचें आम्हांस इतकें प्रेम कां, हें आतां निराळें सांगणें नलगे. येथें रणांगण नाहीं, दुष्टाचा शिरच्छेद नाहीं. आपला शत्रु म्हणजे आपलाच न पाहिलेला अंश, ही गोष्ट पोरासोरांनाही उमजेल अशा भाषेंत येथें सांगितली आहे. शिवाय हा नायक तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र काळा आहे, आणि गोरे लोक येतात ते हल्लेखोर म्हणून. १९६८ सालीं इंग्रजी भाषेंतील अद्भुतकथेंत हें करणें धाडसाचेंच होतें. २००४ सालीं दूरचित्रवाणीवर या कथेचें रूपांतर दाखविलें गेलें व त्यांत गेडची भूमिका गोऱ्या नटाला दिली, तेव्हां बाईंनीं आपली नापसंती जाहीरपणें लिहून कळविली होती.

असें हें पुस्तक आम्हीं मोठ्या हौसेनें आमच्या पुतणीच्या हातीं ठेविलें. ती आतां तेरा वर्षांची आहे; म्हणजे नदी ओलांडणाऱ्या त्या मुलाच्याच वयाची. चार दिवसांत तिनें तें वाचून संपविलें आणि विचारलें, “काका, या शाळेंत मुली कां नाहींत?”

आम्ही म्हणालों, “गोष्ट जुन्या काळची आहे, बाळ.”

“पण लिहिणारी तर बाई आहे ना?”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुस्तक पुनः उघडून पाहिलें, तों मुलीचें म्हणणें अक्षरशः खरें. मावशी अडाणी व धूर्त. बायकांची जादू म्हणजे कमकुवत आणि दुष्ट, अशा अर्थाच्या तेथल्या लोकांत म्हणी. सेरेट नांवाची सुंदर स्त्री दोनदां येते ती नायकाला मोहांत पाडावयास. उरली मित्राची धाकटी बहीण. ती चौदा वर्षांची, चौकस व चतुर; परंतु भाऊ आणि त्याचा सोबती जगाच्या टोकाला निघाले, कीं तिनें घर सांभाळावयाचें. इतक्या वेळां वाचूनही हें आमच्या डोळ्यांस कधीं खुपलें नव्हतें.

संध्याकाळीं चहाच्या वेळीं दोन पक्ष पडले. वहिनी म्हणाल्या, “मुलीला कमी लेखणारें पुस्तक आपण होऊन तिच्या हातांत कशाला द्यायचें?” बंधुराज म्हणाले, “गोष्ट ती गोष्ट. तिची उलटतपासणी करूं नये.” आम्हांस दोघांचेंही अर्धें अर्धें पटलें, आणि म्हणूनच लेखिकेनें स्वतः काय केलें तें त्यांच्यापुढें मांडलें.

१९७१ सालीं बाईंनीं या मालेंतील दुसरें पुस्तक लिहिलें. त्यांत टेनार नांवाच्या मुलीला लहानपणींच घरून नेऊन अंधाऱ्या समाधींची पुजारीण करतात व तिचें नांव हिरावून तिला ‘भक्षिली गेलेली’ अशा अर्थाचें दुसरें नांव देतात. तिचें खरें नांव तिला परत मिळतें, पण तेंही गेडच्या हातून. मग पहिल्या पुस्तकानंतर बावीस वर्षांनीं, १९९० सालीं, ‘तेहानू’ आलें. त्यांत टेनार प्रौढ विधवा आहे, शेतावर राबते, आगींत होरपळलेल्या एका मुलीला पोटाशीं धरते. आणि महामांत्रिक गेड सारी शक्ति गमावून तिच्या दाराशीं येतो. १९९२ सालीं ऑक्सफर्ड येथील व्याख्यानांत बाईंनीं या फेरविचाराचा जाहीर ऊहापोह केला. वीरकथा म्हणजे पुरुषाची कथा, ही परंपरा आपण पूर्वीं निमूटपणें चालविली, असें त्यांनीं कबूल केलें. २००१ सालच्या कथांत तर रोकचें विद्यालय स्थापण्यांत स्त्रियांचाही हात होता, असें त्यांनीं दाखविलें.

येथें आमचाही एक कबुलीजबाब. ‘तेहानू’ प्रथम वाचलें तेव्हां आम्ही रुष्ट झालों होतों. आमच्या शूर गेडला बकऱ्या राखावयास लाविलें, याचा राग आला होता. आतां वाटतें, कीं तो राग गेडसाठीं नव्हताच. आमच्या सोयीच्या गोष्टींत कोणीं ढवळाढवळ केली, म्हणून तो होता. बाईंनीं जुनें पुस्तक फाडून टाकलें नाहीं, कीं त्याचें खोटें समर्थनही केलें नाहीं. आपल्याच नायकाप्रमाणें त्या मागें वळल्या व आपल्या सावलीला त्यांनीं आपलेंच नांव दिलें.

हें आमचें विवेचन पुतणी ऐकत होती. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती आमच्या मातोश्रींजवळ जाऊन बसली. “आजी, तुझं खरं नांव काय ग?”

मातोश्रींनीं नेहमींचें नांव सांगितलें.

“तें नव्हे. त्याच्या आधींचं.”

मातोश्री क्षणभर थांबल्या, आणि मग त्यांनीं माहेरचें नांव सांगितलें. माहेरीं सारे त्यांना ‘अक्का’ म्हणत, येथें कोणी ‘वहिनी’, कोणी ‘काकू’. तें नांव आम्हीं मुलांनीं जन्मांत ऐकलें नव्हतें आणि विचारलेंही नव्हतें. “ताटांतल्या तांदळांत नवं नांव लिहिलं, तेव्हां मी तें पहिल्यांदा वाचलं,” त्या म्हणाल्या. “आधीं कुणी विचारलं नव्हतं.” स्वरांत तक्रार नव्हती. पण बंधुराजांनीं हातांतलें वर्तमानपत्र खालीं ठेविलें, आणि आम्हांसही मान वर करून पाहणें कठीण झालें. पुस्तकांतला दोष मुलीनें चार दिवसांत हेरला होता. घरांतला आम्हांस उभ्या आयुष्यांत दिसला नव्हता.

तेव्हां आमचा निर्णय असा. पहिलें पुस्तक कपाटाच्या खालच्या कप्प्यांत, मुलांच्या हाताशींच राहील, आणि त्याच्या शेजारीं दुसरेंही. ‘तेहानू’ मात्र दोन-तीन वर्षांनीं द्यावें. त्यांत बालिकेवरील अत्याचाराची कथा आहे व ती पेलावयास थोडें वय हवें. मुलांनीं प्रश्न विचारले तर ‘गोष्ट जुनी आहे’ असें म्हणून आम्ही यापुढें वेळ मारून नेणार नाहीं.

मातोश्रींचें तें नांव येथें छापावें, असें एकदां मनांत आलें होतें. त्यांना विचारलें, तर त्या हंसून म्हणाल्या, “नको. घरांतल्यांना ठाऊक झालं, तेवढं पुरे.” हल्लीं पुतणी मधूनच त्यांना त्या नांवानें हांक मारते, आणि मातोश्री “ओ” देतात.